सुई पोचली की नाही

बोर्ड उतरवायला आमचे हे स्वतः शिडीवर चढले. तो रंगवलाही त्यांनीच होता. हायस्कुलात चित्रकला शिकवत होते तेव्हा, एका दिवाळीच्या सुट्टीत बसून, निळ्यावर पांढरी अक्षरं काढली होती. आता निवृत्त झालेत, आणि निवृत्त माणसाला शिडीवर चढायचं निमित्त मिळालं की तो खुशीत असतो. वरून मला म्हणाले, "अक्षरं अजून किती ठसठशीत आहेत बघ." मी खाली शिडी धरून उभी. म्हटलं, "अक्षरांचं कौतुक नंतर करा, आधी खिळे काढा." माझा आवाज ऐकून ते खिळे काढू लागले.

हा बोर्ड पहिल्यांदा लावला तेव्हा माझे वडील कागलहून तो बघायला आले होते. साखर कारखान्यात नोकरी केलेला माणूस, डॉक्टरच्या दारात गेला की आपोआप टोपी काढणारा. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून त्यांनी लेकीचं नाव वाचलं, मग खालच्या किराणा दुकानदाराला विचारलं, "ह्या बाई कशा हायत वो?" दुकानदार म्हणाला, "हात हलका हाय." एवढं ऐकून वडील वर माझ्याकडे न येताच एसटी धरून परत गेले. मला हे दुकानदाराने चार दिवसांनी सांगितलं. तेव्हा हसले होते. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला तेव्हा तीच गोष्ट आठवून मला हुंदका आला, आणि ह्यांना वाटलं शिडी पायावर पडली.

आता हे का झालं ते सांगते. आमची विद्या सुया टोचायची. ॲक्युपंक्चर. केसाएवढ्या बारीक सुया, एकदा वापरल्या की टाकून द्यायच्या. गुडघा, कंबर, मान, अर्धशिशी, असलं सगळं घेऊन लोक येतात. मी ती शिकले मिरजेच्या एका सरांकडे. स्वतःची अर्धशिशी घेऊन त्यांच्याकडे गेले होते. डोकं दुखायचं थांबलं आणि मीही तिथेच थांबले. कित्येक वर्षं त्यांच्या शिबिरांत सतरंज्या घातल्या, पेशंटचे पाय पुसले, मग हळूहळू सुया हातात आल्या. तेव्हा या विद्येला कायदा नव्हता, नोंदणी नव्हती. पुढे सर वारले आणि त्यानंतर सरकारने कायदा केला. चांगलंच केलं, मी आजही म्हणते; सुई कुणीही कुठेही खुपसावी हे काही बरं नव्हे. कायद्यात आमच्यासारख्या जुन्या लोकांनाही वाट ठेवली होती. अनुभव दाखवा, मुदतीत अर्ज करा, नोंदणी घ्या. वाट सरळ होती. पण आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात वाट सरळ दिसली की तिच्या तोंडाशी आधी एक संघटना उभी राहते.

संघटनेने ठरवलं की जुन्या लोकांनी अर्जाला नोंदणी झालेल्या एखाद्या तज्ज्ञाची शिफारस जोडावी. सरकारने ती मागितली होती का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर संघटनेला काम राहिलं नसतं. वर असंही ठरलं की शिफारस मिळेपर्यंत जुन्यांनी बोर्ड उतरवायचे आणि सुया बंद ठेवायच्या. शिफारस मिळाली नाही तर कायमचं बंद. माझी बहीण पुण्याला असते, ती फोनवर म्हणाली, "थेट अर्ज कर ना, कोण विचारतंय त्या संघटनेला?" पुण्यात राहून असं बोलता येतं. इथे दूध संघापासून बायकांच्या भिशीपर्यंत सगळीकडे गट असतात, आणि गटाला डावलून काही केलेल्या माणसाला लोक लग्नाची पत्रिकासुद्धा जपून देतात.

तर दोन गट आपोआप पडले. एक पदवीवाल्यांचा. हे मुळात दुसऱ्याच कशाचे तरी डॉक्टर. कुणी होमिओपॅथीचा, कुणी दातांचा, आणि वरून सुयांचा एक कोर्स केलेला. नोंदणी आधी झाली ती यांचीच, म्हणून शिफारस करायचा हक्कही यांचाच. त्यांचे पुढारी राजारामपुरीतले एक डॉक्टर. काचेचं दार, एसी, भिंतीवर माणसाच्या शरीराचा रंगीत तक्ता. हुशार माणूस, खोटं कशाला बोलू. फक्त मला बघितलं की त्यांच्या चेहऱ्यावर, चुकून कुणाच्या तरी लग्नात जेवायला बसलेली बाई दिसावी, असा भाव यायचा.

दुसरा गट आमचा, अनुभववाल्यांचा. आमचे पुढारी गंगावेशीतले वस्ताद. आधी तालमीत पोरांचं अंग चोळायचे, मुरगळलेले खांदे बसवायचे, पुढे सुया शिकले. माणूस दाराएवढा आणि आवाज अख्ख्या गल्लीला पुरेल असा. त्या बोटांत ती केसाएवढी सुई दिसायचीच नाही. पेशंटला वाटायचं वस्ताद नुसतंच बोट लावतायत. वस्तादांचं एकच म्हणणं: "डिगरी घिऊन दुकनं जातंय व्हय? मग तीच टोचा की."

आधी निवडणूक घ्यायचं ठरलं. जो गट जिंकेल त्याने शिफारशींचं बघायचं. लगेच चिन्हावरून भांडण लागलं, कारण दोघांनाही सुई हवी होती. तडजोड म्हणून एकाला सुई आणि दुसऱ्याला दोरा द्या असं कुणीतरी सुचवलं, त्याला दोन्ही बाजूंनी खाली बसवलं. मग कुजबुज सुरू झाली की मतदारांना सहलीला न्यायचं, म्हणजे मतदानापर्यंत दुसऱ्या गटाला सापडायला नकोत. आमच्यातले निम्मे गोव्याला जायला तयार झाले. आमचे हे मतदार नसूनही कपडे इस्त्री करून बसले. मी म्हटलं, "मी कुठेही येणार नाही. माझ्याकडे पेशंट येतात."

पेशंट यायचे ते खरं. सुया बंद होत्या तरी यायचे. मी नुसत्या अंगठ्याने दाबून द्यायची. कोडोलीच्या एक आजी आहेत, दोन्ही गुडघ्यांनी अधू, दर आठवड्याला एसटीने येतात. त्यांना मी समजावून सांगितलं की आजी, परवानगी येईपर्यंत सुई नाही. त्या म्हणाल्या, "बोरड काडला, मग सुया बी काडल्या व्हय? माझा गुडगा काय बोरड वाचून बरा हुतोय?" मी म्हटलं, "कायदा आहे आजी." त्या म्हणाल्या, "दाब मग. दाब. पर जरा जीव लावून दाब." दिवसाच्या शेवटी माझा अंगठा सुजायचा. रात्री ह्यांच्याकडून तो शेकून घ्यायचा आणि सकाळी पुन्हा दाबायला बसायचं. हे किती दिवस चालणार, या विचाराने जेवण जायचं नाही. मुदत जवळ येत होती आणि मला दुसरं काही येत नव्हतं. या वयात दुसरं काही शिकायची इच्छाही नव्हती.

निवडणूक मोडली ती वस्तादांमुळे. बैठकीत चिन्हाचा वाद तिसऱ्यांदा निघाला तेव्हा ते उठून म्हणाले, "मतं कशाला? जोड लावा की!" कुस्तीत दोन पैलवान एकमेकांवर सोडायचे ठरवतात त्याला जोड लावणं म्हणतात. वस्तादांचा हिशेब सोपा होता. एक पदवीवाला, एक अनुभववाला. याने त्याला टोचायचं, त्याने याला टोचायचं. ज्याची सुई पोचली तो पास. पास होईल त्या जुन्याला शिफारस, आणि जो पदवीवाला नापास होईल त्याने संघटनेच्या कमिटीतून उठायचं. सगळ्या हॉलला हे इतकं पटलं की टाळ्या पडल्या. राजारामपुरीच्या डॉक्टरसाहेबांनीही मान डोलवली. त्यांच्याही आत कुठेतरी कोल्हापूर होतंच.

सुई पोचणं म्हणजे काय ते सांगायला हवं. बिंदू बरोबर सापडला आणि सुई बरोबर बसली की पेशंटला आत जडपणा येतो, मुंग्या धावतात, एक वेगळीच गोड कळ वर किंवा खाली जाते. ते जाणवलं की पेशंट आपणहून "हं" म्हणतो. आम्ही म्हणतो, पोचली. हे बाहेरून मोजायचं यंत्र नाही. ते फक्त ज्याच्या अंगात सुई आहे त्यालाच कळतं. म्हणून नियम केला की टोचून घेणाऱ्याचा शब्द अखेरचा. एवढे शिकलेले आणि एवढे अनुभवी लोक एका खोलीत होते, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही की टोचून घेणारा हा दुसऱ्या गटाचा माणूस असणार आहे.

ठिकाण ठरलं तालमीच्या वरचा हॉल. खालून लाल मातीचा आणि तेलाचा वास, भिंतीवर मारुतीची तसबीर. पदवीवाले नाकाला रुमाल लावून आले आणि त्यांनी आधी सगळ्या टेबलांवर औषध मारलं. मांडववाल्याकडून आणलेल्या गाद्यांवर पांढऱ्या चादरी घातल्या. वस्तादांच्या पाठीराख्यांनी एक हलगीवाला आणला होता. डॉक्टरसाहेब म्हणाले, "अहो, सुई टोचताना हलगी कशी वाजवता? पेशंट दचकेल." वस्ताद म्हणाले, "दचकला तर तुमचा दचकंल. आमची मानसं हलगीवरच वाढल्यात." शेवटी हलगीवाल्याला जिन्यात बसवलं, आणि तो चहा पीत बसला.

पहिली जोड वस्ताद आणि दातांचे डॉक्टर. वस्तादांनी त्यांच्या गुडघ्याखाली बोट फिरवलं, पटकन सुई बसवली. मी शेजारीच उभी होते. दातवाल्यांच्या पायाचा अंगठा टुणकन उडाला. कपाळावर घाम आला, ओठ आत गेले. कमिटीने विचारलं, "काही जाणवलं?"

"काहीच नाही," दातवाले म्हणाले. आवाज जरा वर चढला होता.

"आंगठा उडाला की वो!" वस्ताद ओरडले.

"तो माझा नेहमीच उडतो."

मग उलटी पाळी. वस्तादांनी टोचून घ्यायची वेळ आली तेव्हा वस्ताद गायब. चहा सांगायला म्हणून खाली गेले ते आलेच नाहीत. दुसऱ्यांना सुया टोचण्यात आयुष्य गेलेल्या या माणसाने स्वतःच्या अंगाला आजवर कुणाची सुई लागू दिलेली नव्हती, हे त्या दिवशी आमच्या गटाला कळलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते झाकलं. त्यांच्या जागी कुरुंदवाडचे आमचे एक सभासद झोपले. केळीचे बागायतदार, सकाळी शेत आणि संध्याकाळी सुया. दातवाल्यांनी त्यांच्या गुडघ्याखाली सुई लावली. चांगली लावली. बागायतदारांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"जाणवलं का?"

"कशाचं काय? अजून घातली न्हाय न्हवं?"

"घातली आहे. बघा, तिथे उभी आहे."

"व्हय व्हय, डास बसल्यागत वाटलं खरं," बागायतदार म्हणाले आणि डोळे पुसले.

एकामागून एक जोड्या लागत गेल्या. माणसांचे पाय थरथरत होते, बोटं वळत होती, एकजण तर "आई गं" म्हणाला आणि लगेच म्हणाला की घरची आठवण आली. पोचली असं मात्र कुणी म्हणेना. दोन्ही बाजूंनी जुने-जाणते लोक, त्यांच्या हातांना मी ओळखत होते, आणि एकाचीही सुई पोचत नव्हती. मला आधी हसू येत होतं. माझा नंबर जवळ आला तसं ते हसू आटलं. माझी जोड होती डॉक्टरसाहेबांशी.

ते टेबलावर येऊन बसले तेव्हाच माझ्या लक्षात आलं. डाव्या बाजूला कमिटी बसली होती, तिच्याकडे बघायला ते कमरेपासून सगळेच वळले. मान वळतच नव्हती. दिवसभर खाली मान घालून काम करणाऱ्या माणसाची मान ती. मी विचारलं, "साहेब, मान कधीपासून?"

"मानेचा इथे संबंध नाही," ते म्हणाले. "ठरलेला बिंदू गुडघ्याखालचा आहे."

मी गुडघ्याखाली चार बोटं मोजली, सुई लावली. त्यांच्या पापण्या हलल्या. पोचली होती, सुईला आतून कुणीतरी हलकंच धरून ठेवावं तसं बोटांना लागतं, त्यात मी चुकत नाही. मी म्हटलं, "आणखी दोन लावू का? मानेसाठी." ते म्हणाले, "करा काय करायचं ते." मी एक लावली हाताच्या पाठीवर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांच्या मध्ये. दुसरी लावली दोन भुवयांच्या मध्ये. मग सरांची सवय तशी माझीही सवय, पेशंटशी बोलायचं नाही. नुसती बाजूला उभी राहिले.

थोड्या वेळाने हॉलमध्ये एक आवाज सुरू झाला. आधी सगळ्यांना वाटलं खाली तालमीत कुणीतरी जोर मारतंय. मग कळलं की डॉक्टरसाहेब घोरतायत. तोंड किंचित उघडं, चेहऱ्यावरचा तो नेहमीचा भाव पार गेलेला, लहान मुलासारखे गाढ. दोन्ही गट टेबलाभोवती जमले. वस्तादसुद्धा जिन्यातून वर आले.  मला वाटलं, आता कोण काय बोलणार? झालं आपलं काम.

मी सुया काढल्या तसे ते जागे झाले. क्षणभर कुठे आहोत ते त्यांना कळेना. कमिटीने विचारलं, "साहेब, पोचली?"

त्यांनी एकदा आपल्या गटाकडे बघितलं. "नाही," ते म्हणाले.

"घोरत हुता की!" वस्ताद गरजले. "आख्ख्या तालमीनं ऐकलंय!"

"घोरणं नियमात नाही. मी काल उशिरा झोपलो होतो."

मला रडू आलं नाही. संताप आला. मी म्हटलं, "साहेब, मग एवढ्या गोंधळात झोप कुणाच्या हाताने लागली?" ते गुडघ्यावर गुंडाळलेली पँट खाली करत होते, त्यांनी वर बघितलंच नाही. ह्यांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. जिन्यात हलगीवाला बसला होता, त्याला वाटलं निकाल लागला, आणि त्याने बिचाऱ्याने वाजवायला सुरुवात केली.

निकाल लागलाच. जिल्ह्यात एकाचीही सुई पोचत नाही, असा तो निकाल होता, आणि त्यावर दोन्ही गटांनी सह्या केल्या होत्या. हा निकाल वर पाठवला तर पदवीवाल्यांनाही कमिटीतून उठावं लागणार आणि आम्हालाही घरी बसावं लागणार. म्हणून तो पाठवायचा की नाही हे ठरवायला पुढची बैठक लावली. त्या बैठकीत चहा कुणी सांगायचा यावरून वाद झाला आणि ती तिथेच संपली. मुदत मात्र कुणासाठी थांबत नव्हती. मी दिवसभर अंगठ्याने दाबत होते आणि मनातल्या मनात त्या एका "नाही"ला शिव्या देत होते. शिव्या चांगल्या येतात मला, माहेर कागलचं आहे.

त्यानंतर एका सोमवारी सकाळी दवाखान्यात गर्दी होती. कोडोलीच्या आजी बाकावर पाय पसरून बसल्या होत्या. जिन्यावर बुटांचा आवाज आला, आणि दारात डॉक्टरसाहेब उभे. खांदा एका बाजूला वर, डोकं त्या खांद्यावर कललेलं, एक हात मानेला. त्यांना सरळ बघता येत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे बघत होते आणि तोंड होतं खिडकीकडे. मान पुरती धरली होती.

"मॅडम," ते म्हणाले, "जरा बघता का?"

मी म्हटलं, "मला कुठे येतं साहेब? तुम्हीच सांगितलंत सगळ्यांसमोर. तुमच्या गटात एवढे तज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे जा."

"त्यांच्या हातची सुई मी बघितली आहे," ते हळूच म्हणाले.

"आणि माझ्या हातची?"

"ती बघायला मी जागा कुठे होतो?"

बाकावरचे सगळे आता कान देऊन ऐकत होते. आजींनी विचारलं, "कोन हाय त्यो?" मी सांगून टाकलं. म्हटलं, "आजी, यांच्यामुळेच माझ्या सुया बंद आहेत. यांना मी टोचलं, यांना ते कळलं, आणि कळलं नाही म्हणाले." आजींनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "व्हय वो पावणं? कळलंवतं तुमास्नी?"

डॉक्टर मग म्हणाले, "कळलं होतं."

"मग त्या दिशी न्हाय का म्हनलासा?"

"त्या दिवशी मी डॉक्टरांच्या बाजूने बसलो होतो, आजी."

"आन आज?"

"आज मान धरली आहे."

सगळा दवाखाना हसला. मीही हसले असते, पण हसू येईना. इतके दिवस ज्या शब्दासाठी तळमळत होते तो शब्द मिळाला होता, आणि तो हातात घेतल्यावर हलका लागला. डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "मॅडम, शिफारस मी आत्ता लिहून देतो. कागद द्या."

"काही लिहू नका," मी म्हटलं. "दुखत असताना माणूस घरसुद्धा लिहून देईल. मला तसली शिफारस नको."

"मग?"

"बसा. सुया बंद आहेत, पण नोंदणी तुमची आहे, तुम्ही स्वतः हजर आहात. तुमच्या जबाबदारीवर लावू का?"

"लावा," ते म्हणाले. "माझ्या जबाबदारीवर. लवकर लावा."

"लवकर नाही. आजींचा नंबर आधी आहे."

आजींचे गुडघे दाबून होईपर्यंत त्यांना थांबवलं. मुद्दाम जरा जास्त वेळ दाबले, तेही सांगते. मग त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हाताच्या पाठीवर सुई लावली. ती आत असतानाच हळूहळू मान फिरवायला सांगितली, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून नुसता विव्हळल्यासारखा आवाज आला. मग खांदा खाली आला. मग डोकं सरळ झालं. या वेळी ते झोपले नाहीत. डोळे उघडे ठेवून बसले होते, समोरच्या भिंतीकडे बघत.

सुई काढली. ते उठले, बूट घातले, कॉलर नीट केली. त्यांचा चेहरा परत पहिल्यासारखा होतोय का ते मी बघत होते. खरं सांगते, मला वाटलं, आता हे जिना उतरतील आणि संपलं. दुखणं गेलं की माणूस कसा बदलतो ते मी या खोलीत रोज बघते. मनाची तयारी केली. पुढच्या पेशंटला हाक मारायला तोंड उघडलं.

डॉक्टर दारातच थांबले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. वस्तादांचा आवाज फोनच्या बाहेर तसाही ऐकू येतो, त्याला स्पीकर लागत नाही.

"वस्ताद, त्या दिवशी मॅडमची सुई पोचली होती," डॉक्टर म्हणाले. "मी खोटं बोललो. त्यांची शिफारस मी आजच देतोय. आणि तुमची सुई आमच्या दातवाल्यांनाही पोचली होती, त्यांचा अंगठा मी बघितला."

  आजी बाकावरून पुढे वाकल्या. पलीकडून आवाज आला, तो वस्तादांच्या मानाने अगदी बारीक.

"सायेब, आमच्या केळीवाल्याला बी पोचलीवती. त्यो घरला जाताना सांगत हुता." मग जरा संशयाने, "पर तुमी कुटनं बोलालाय?"

"मॅडमच्या दवाखान्यातून."

"आरारा. मान धरली व्हय? तरीच गोड बोलालासा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. नुसती मान वळवून बघितलं, खांदा जागचा हलला नाही.

"धरली होती," ते म्हणाले. "सुटली. सुटल्यावर बोलतोय."